तोंडी करार आणि 'टच अँड गो'

साठोत्तरी लघुनियतकालिकांप्रमाणे पंक आणि नॉइज रॉकची छोटी लेबले बहुधा कलावंतांनीच चालवली. 'नेक्रोस' बँडचा बेसवादक कोरी रस्क याने शिकागोत वाढवलेले 'टच अँड गो' त्यांपैकी एक. खर्च वजा जाता नफा निम्मा-निम्मा, आणि करार तोंडी! समीक्षक या साधेपणाचे अजून गोडवे गातात. पण 'बटहोल सर्फर्स'ने जास्त वाटा मागितला, रस्कने नाकारला. बँडने करार मोडला. कॉपीराइट कायद्याप्रमाणे ३५ वर्षे तो मोडता येत नाही, हे लेबलचे म्हणणे संघीय अपील न्यायालयाने १९९९ मध्ये फेटाळले. बँडला कृतघ्न म्हणणे सोपे आहे. वाटणी न्याय्यच होती. मात्र जुन्या रेकॉर्डी लेबलने किती काळ विकायच्या, हे दोघांनीही ठरवले नव्हते.