हॅमंडची ‘टिक्’

१९३५ साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या हॅमंड ऑर्गनची पट्टी दाबली, की स्वराच्या तोंडाशी बारीकशी ‘टिक्’ उमटते. हॅमंडसाहेबांना तो दोष वाटे. जिमी स्मिथसारख्या जॅझवादकांना त्यातच ठेका सापडला. गंमत अशी, की आजच्या डिजिटल नकला हा दोषही इमानाने वठवतात! आतली ९१ फिरती चाके नाहीत, तरी नाद तोच. मूळ ‘बी-थ्री’ मात्र बैठक-पायपट्ट्यांसह ४०० पौंडांच्या घरात. वादकाला पाठीचा कणा आहेच की! तेव्हा जलशापुरता मी नकलेच्या बाजूचा. अडते ते लेस्ली ध्वनिक्षेपकापाशी. त्यातला कर्णा खरोखरच गरगरतो आणि सूर भिंतीभिंतींवरून फिरून येतो. नकलेची घेरी समोरच्या दोन स्थिर कर्ण्यांतूनच निघते. वाद्य खुशाल नकली असो. लेस्ली तेवढी खरी आणावी.