नेपथ्य, वातावरण आणि माहोल : अर्थच्छटांचा विचार

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील मराठीच्या उत्तरपत्रिका पाहण्याचा प्रसंग आला. एका विद्यार्थिनीने ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकाविषयी लिहिले होते, ‘नेपथ्यातून आवाज येतो आणि राजा रथ थांबवतो.’ परीक्षकाने ‘नेपथ्यातून’ या शब्दाखाली लाल रेघ ओढून शेजारी शेरा दिला होता, ‘नेपथ्य म्हणजे रंगमंचावरील देखावा. त्यातून आवाज कसा येईल?’ आणि गुण कापला होता. विद्यार्थिनीच्या घरी दखनी बोलली जात होती आणि हिंदी तिच्या नित्य वाचनात होती. तिला जो अर्थ ठाऊक होता तो तिने लिहिला. प्रश्न असा की, चूक कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना नाटकाच्या समीक्षेत आपण रोज वापरतो त्या चार-सहा शब्दांचा फेरविचार करावा लागतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम ‘नेपथ्य’ हा शब्द घेऊ. संस्कृत नाट्यव्यवहारात त्याचे दोन अर्थ ठळक आहेत. एक, नटांची वेशभूषा व रंगभूषा. दुसरा, पडद्यामागची ती जागा, जिथे नट सजतात. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सापडतात. सूत्रधार नेपथ्याकडे पाहतो, तेव्हा नेपथ्य ही जागा असते. लगेच तो नटीला नेपथ्यविधान आटोपले असेल तर इकडे ये असे सांगतो, तेव्हा नेपथ्य म्हणजे साजशृंगार असतो. पुढे आश्रमातील हरणाला मारू नये अशी हाक राजाला ऐकू येते, तीही नेपथ्यातूनच. म्हणजे विद्यार्थिनीचे वाक्य मूळ नाटकाला धरून होते.

मग परीक्षकाचा अर्थ चुकीचा का? तसेही म्हणता येत नाही. नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : पुस्त, अलंकार, अंगरचना आणि सज्जीव. यातील ‘पुस्त’ म्हणजे डोंगर, वाहने, शस्त्रे इत्यादींच्या तयार केलेल्या प्रतिकृती. हे सर्व मिळून नेपथ्यविधी होतो. आधुनिक मराठीने यातील अलंकार आणि अंगरचना यांना ‘वेशभूषा’ व ‘रंगभूषा’ असे स्वतंत्र शब्द दिले आणि ‘नेपथ्य’ हा शब्द मुख्यतः पुस्ताच्या अंगाने, म्हणजे रंगमंचावरील स्थळरचनेसाठी राखून ठेवला. म्हणून मराठी नाटकाच्या जाहिरातीत ‘नेपथ्य’ या शब्दापुढे रचनाकाराचे नाव येते आणि द. ग. गोडसे किंवा दामू केंकरे यांना आपण नेपथ्यकार म्हणतो. हिंदीने मात्र ‘नेपथ्य’ हा शब्द पडद्यामागच्या जागेसाठी ठेवला आणि रचनेसाठी ‘मंचसज्जा’ हा शब्द घेतला. एकाच वारशाची ही दोन भाषांनी केलेली वाटणी आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या वर्गात या दोन्ही वाटण्या एकाच बाकावर बसलेल्या असतात, हे अध्यापकाने विसरता कामा नये.

मराठी रंगभूमीचा इतिहास पाहिला तरी हा शब्द स्थिर नव्हता असे दिसते. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले; १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. हे किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पुढच्या कंपनीच्या काळात रंगवलेल्या पडद्यांना महत्त्व आले. राजवाडा, जंगल, रस्ता असे ठरावीक पडदे असत आणि एकच पडदा अनेक नाटकांना चाले. ललितकलादर्शसाठी बाबूराव पेंटर, पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारांनी ही कला उंचीवर नेली. परंतु त्या पडद्याला ‘देखावा’ म्हणणेच अधिक योग्य. देखावा हा पाहण्यासाठी असतो. तो कोणत्याही राजाच्या मागे लागू शकतो. नेपथ्य मात्र त्या एका नाटकाचे, त्यातील माणसांचे असते. ‘देखावा’ या शब्दाला मराठीत ‘वरवरचा दिखाऊपणा’ अशीही छटा आहे, ती उगीच नाही. उलट कोकण-गोव्यातील दशावतारात देखावा जवळपास नसतोच. एक बाकडे हेच कधी सिंहासन, कधी आणखी काही होते. तिथे नेपथ्य नाही असे लिहिणाऱ्याला विचारावे, मग ते बाकडे काय करते?

आता दुसरा शब्द, ‘वातावरण’. वात अधिक आवरण, म्हणजे हवेचे वेष्टन. नेपथ्य डोळ्यांना दिसते, वातावरण जाणवते. आपल्या उत्तरपत्रिकांत ‘लेखकाने प्रभावी वातावरणनिर्मिती केली आहे’ हे वाक्य इतक्या वेळा येते की त्याचा अर्थच झिजला आहे. पुष्कळदा तर वातावरण म्हणून नेपथ्याचेच वर्णन केलेले असते. हा फरक शिकवण्यासाठी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकासारखे उदाहरण नाही. १९६७ साली रंगायनने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते सादर केले. एका गावातले साधे सभागृह, काही खुर्च्या, एक टेबल, आत-बाहेर जाण्याचे दार, एवढेच नेपथ्य. वेळ घालवण्यासाठी मंडळी खोट्या खटल्याचा खेळ मांडतात. त्याच खुर्च्या-टेबलांचे न्यायालय होते, पण सभागृह तेच राहते. नाटक पुढे सरकते तसे चेष्टेचे वातावरण शिकारीचे होते. सुरुवातीला जिच्यात बेणारेचे बोट चेमटते ती दाराची कडी पुढे तिचा मार्गच अडवते. नेपथ्य बदलले नाही, वातावरण मात्र मुळापासून बदलले. आणि ते बदलले ते संवादांनी, आरोपांनी, इतरांच्या नजरांनी. ‘वातावरणनिर्मिती’ हा शब्द वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ‘कशाने?’ एवढाच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर देता आले तर समीक्षेला सुरुवात झाली.

१९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’ने तर या दोन शब्दांमधली सीमाच हलवली. डॉ. जब्बार पटेल यांनी बसवलेल्या या नाटकात ओळीने उभी असलेली माणसेच पडदा होतात. तिथे नेपथ्य कोणते आणि वातावरण कोणते, हे वेगळे काढणे कठीण जाते.

तिसरा शब्द ‘माहोल’. अरबीतील ‘मा हौल’, म्हणजे जे भोवती आहे ते. उर्दूत ‘घर का माहौल’ म्हणजे घरातील संस्कार, राहणीमान, संगत, सर्व काही. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ आकसला. मराठीत माहोल जमतो, तयार होतो. त्याला माणसे लागतात आणि बहुधा उत्साह लागतो. ओसाड वाड्याला वातावरण असते, माहोल नसतो. म्हणून आपला विद्यार्थी ‘त्या घरातला माहोल गंभीर होता’ असे लिहितो तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते खटकते. उर्दूच्या दृष्टीने ते वाक्य निर्दोष आहे. अध्यापकाने रेघ ओढण्याऐवजी ‘मराठीत येथे वातावरण म्हणतात’ असे लिहिले तर विद्यार्थ्याला दोन भाषा मिळतात. रेघ ओढली तर एकही मिळत नाही.

फारसी-अरबी शब्द परके म्हणून टाळावेत हा विचार मराठीत जुना आहे. वडोदऱ्यात जन्मलेल्या माधव ज्यूलियनांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ दिला आणि पुढे ‘भाषाशुद्धि-विवेक’ही लिहिला. शब्दाचे मूळ ओळखणे आणि तो शब्द ठेवावा की नाही हे ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. मराठी नाटकातला ‘पडदा’ फारसी आहे, तो काढला तर नाटक कसे सुरू करणार?

वर्गात उपयोगी पडेल अशी एक साधी कसोटी सुचवतो. शब्दाबरोबर कोणते क्रियापद चालते ते पाहावे. नेपथ्य उभारतात, हलवतात. पडदा पडतो, सरकतो. वातावरण तापते, निवळते, तंग होते. माहोल जमतो. आसमंत दुमदुमतो, दरवळतो. परिसर झाडून काढता येतो, वातावरण झाडता येत नाही. विद्यार्थ्यांकडून अशी कोष्टके करून घ्यावीत आणि शेजारच्या रकान्यात हिंदी, उर्दू, कन्नड किंवा गुजराती, जी त्यांची असेल त्या भाषेतील जोडी लिहून घ्यावी. व्याख्या पाठ करण्यापेक्षा यातून छटा लवकर कळतात.

शेवटी त्या उत्तरपत्रिकेविषयी. विद्यार्थिनीचा गुण परत मिळाला, पण तो प्रश्न एका गुणाचा नव्हता. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आपल्याबरोबर दुसरी एखादी भाषा घेऊन येतो. तिला चूक ठरवण्याआधी शब्दाचा इतिहास एकदा उघडून पाहणे, एवढी अपेक्षा अध्यापकांकडून ठेवणे गैर होणार नाही.