कित्तूरचा संग्राम आणि सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो : वसाहतकालीन स्मरणलेखनाची चिकित्सा

डिसेंबर 1824 मध्ये कित्तूरच्या किल्ल्यावरील कारवाईत सोलापूरचा सब-कलेक्टर मन्रो मारला गेला. कित्तूरविषयक इंग्रजी वृत्तांतांत त्याचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यापुरताच येतो आणि त्या वाक्यातही मद्रासचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांचा पुतण्या हीच त्याची मुख्य ओळख असते. मे 1818 मध्ये पेशव्यांच्या फौजेचा पराभव करून सोलापूरचा किल्ला घेणारा सेनानी हाच चुलता होय. पुतण्याने सोलापुरात कोणता कारभार केला, याविषयी मात्र हे वृत्तांत मौन बाळगतात.

कित्तूरच्या शिवलिंगरुद्र सर्जाचे सप्टेंबर 1824 मध्ये निधन झाले. दत्तकविधानास मान्यता न देता धारवाडचा कलेक्टर सेंट जॉन थॅकरे याने संस्थानाचा खजिना व कारभार ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. 23 ऑक्टोबर रोजी झालेल्या चकमकीत तो स्वतःच मारला गेला. स्टीव्हन्सन आणि वॉल्टर एलियट हे दोन अधिकारी राणी चेन्नम्मांच्या कैदेत पडले. पुढे त्यांची सुखरूप सुटका झाली. यांपैकी एलियटने नंतर कर्नाटकातील शिलालेखांचा मोठा संग्रह केला, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. डिसेंबरच्या प्रारंभी मोठ्या फौजेने किल्ला जिंकला. मन्रो पडला तो या दुसऱ्या मोहिमेत.

थॅकरेचा मृत्यू पराभवातला आणि मन्रोचा विजयातला, हा भेद स्मरणाच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. पराभवाला नायक लागतो. 1879 च्या झुलू युद्धात इसांडलवाना येथे इंग्रज फौजेचा धुव्वा उडाला. परंतु पलटणीचे निशाण वाचविताना पडलेल्या मेल्विल आणि कॉगहिल यांना 1907 मध्ये मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. मन्रोच्या वाट्याला असे कथानक आले नाही. किल्ला पडला, खजिना मिळाला, प्रकरण मिटले. अधिकाऱ्याच्या मृत्यूची किंमत साम्राज्याच्या गरजेनुसार ठरत होती, असेच येथे म्हणावे लागते.

तरीही इंग्रज अधिकाऱ्याचे निदान नाव, हुद्दा आणि नाते नोंदले जाते. दोन्ही बाजूंनी मेलेले हिंदी शिपाई या वृत्तांतांत केवळ संख्या होऊन राहतात. त्यांना नाव दिले ते कन्नड लोकपरंपरेने. थॅकरेवर गोळी झाडणारा अमटूर बाळप्पा आणि पुढे 1831 मध्ये नंदगड येथे फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा यांची स्मृती लोकगीतांनी जपली. राणी चेन्नम्मांचा पुतळा 2007 मध्ये संसदेच्या आवारात उभा राहिला. या परंपरेत थॅकरे खलनायक म्हणून का होईना टिकला. मन्रोला तेवढीही जागा मिळाली नाही.

मात्र निवडक स्मरणाचा दोष एकट्या वसाहतकालीन लेखनाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1930 च्या सोलापूरच्या उठावात दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. सोलापूरकरांना ही चारही नावे मुखोद्गत आहेत आणि ते योग्यच आहे. मेलेल्या त्या दोन पोलिसांची नावे मात्र सभा-समारंभांत सहसा उच्चारली जात नाहीत.