डोंगरीचे कापड आणि कोशकारांची दृष्टी

इंग्रजीतील वस्त्रवाचक शब्दांची व्युत्पत्ती सांगताना स्थलनामापाशी थांबण्याची रीत कोशवाङ्मयात रूढ आहे. कॅलिको कालिकत बंदरावरून, मस्लिन मोसूलवरून, डमास्क दमास्कसवरून आला, एवढे सांगितले की शब्दाचा निकाल लागला असे मानले जाते. व्युत्पत्ती म्हणून ही विधाने ग्राह्य आहेत. परंतु त्यांवरून कापडाविषयी नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न शिल्लक राहतो. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) ह्या सुप्रसिद्ध कोशातील ‘डंगरी’ ही नोंद त्या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

डंगरी म्हणजे जाडेभरडे, हलक्या प्रतीचे सुती कापड, असा अर्थ देऊन हा शब्द आपल्या माहितीतील कोणत्याही कोशात नाही, असे संपादकांनी पहिल्या आवृत्तीत नमूद केले. वस्तुतः मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) ‘डोंगरी कापड’ अशी स्पष्ट नोंद आहे. विल्यम क्रूक यांनी १९०३ च्या आवृत्तीत कंसात हा आधार जोडला व उणीव भरून काढली. ही केवळ नजरचूक होती असे म्हणून सोडून देता येत नाही. ह्या कोशाची मुख्य सामग्री प्रवासवृत्ते, कंपनीचे पत्रव्यवहार व व्यापाऱ्यांची टिपणे यांतून आलेली आहे. म्हणजे शब्द तेथे ग्राहकाच्या तोंडून नोंदला गेला आहे. मात्र प्रत्येक नोंदीस कालानुक्रमे अवतरणे देण्याची त्याची पद्धत इतकी प्रामाणिक आहे की, संपादकांशी मतभेद दर्शविण्याचे साधनही तोच कोश आपल्या हाती देतो.

मोल्सवर्थची नोंद बारकाईने वाचली पाहिजे. मुंबईतील डोंगरी किल्ल्यालगतच्या वस्तीत *विकले* जाणारे साधे देशी कापड हा मूळ अर्थ. पुढे कोणतेही स्वस्त, हलके कापड हा व्यापक अर्थ. ते कापड डोंगरीस विणले जात होते, असे तो म्हणत नाही. स्थलनाम येथे मागाचे नसून बाजाराचे आहे. इंग्रजीने हलक्या कापडाचा अर्थ उचलला आणि एकोणिसाव्या शतकात त्याच शब्दाचे अनेकवचन कामकऱ्यांच्या विजारीस लावले. डोंगरी ही वस्ती त्या अर्थातून पुरती नाहीशी झाली.

कॅलिकोची कथा निराळी नाही. कालिकत हे निर्यातीचे बंदर. त्याचे नाव मात्र हिंदुस्थानच्या इतर भागांत विणलेल्या सुती कापडासही लागले. आज इंग्लंडात कॅलिको म्हणजे जवळजवळ आपला मांजरपाट, तर अमेरिकेत तोच शब्द छापील कापडाचा वाचक आहे. दोन्ही ठिकाणी व्युत्पत्ती एकच असता अर्थ परस्परविरुद्ध दिशांना गेले. व्युत्पत्ती अर्थाचा निर्णय करीत नाही, ह्याला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

चिंट्झ हा शब्द तर स्थलनामही नव्हे. हिंदीतील छींट, मराठीतील चीट, यांच्या इंग्रजी रूपाचे अनेकवचनच पुढे एकवचन मानले गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस ह्या कापडाने इंग्लंडातील घरे व अंगे इतकी व्यापली की लोकर व रेशीम यांच्या विणकरांच्या रेट्याने १७०० व १७२१ साली निर्बंधकारक कायदे झाले. पुढे तिकडच्याच गिरण्यांतून स्वस्त छापील माल निघू लागला. त्याच शब्दापासून बनलेले ‘चिंट्झी’ हे विशेषण भडक व हलक्या अभिरुचीचे निदर्शक ठरले. ज्या मालाविरुद्ध कायदा करावा लागला, त्याचेच नाव पुढे उपहासास पात्र झाले. हा फरक ध्वनिनियमांनी नव्हे, व्यापाराच्या इतिहासानेच उलगडतो.

म्हणून इंग्रजीत गेलेल्या आपल्या शब्दांच्या याद्या करून त्यांत गौरव मानण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिचाही पुनर्विचार व्हावयास हवा. ह्या याद्या आपले शब्द मोजतात. ते कोणत्या अटींवर गेले हे विचारीत नाहीत. कापड कोठे विणले, कोठे विकले आणि त्याला नाव कोणी दिले, हे तीन प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक नोंदीस स्वतंत्रपणे विचारले पाहिजेत. मोल्सवर्थमधील व्यापारविषयक शब्द ‘हॉब्सन-जॉब्सन’शी ताडून पाहणे, हे त्या कामाचे पहिले पाऊल ठरेल, आणि ते उचलण्यास मराठीच्या विद्यार्थ्याइतका अधिकारी दुसरा नाही.