टेबल क्रमांक 64 वरून जहाज कसं दिसतं?

माझ्या सिनॉप्सिसचा पहिला मसुदा एका निबंधाच्या जिवावर उभा होता. विषय होता कुटुंबांसाठी चालवली जाणारी क्रूझ जहाजं आणि त्यांच्यावरचं काम. गाईडनी मसुदा वाचला आणि समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली: "यात मुलं कुठे आहेत?" मी परत वाचून पाहिलं. शीर्षकात 'कुटुंब' होतं, पण आतल्या बावीस पानांत एकही मूल नव्हतं. आई नव्हती, आजी नव्हती. होता तो एक हुशार, एकटा, कंटाळलेला पुरुष. तो मी उचलला होता डेव्हिड फॉस्टर वॉलेसकडून.

आज त्याच निबंधाबद्दल लिहितेय. तो वाईट आहे म्हणून नव्हे, फार चांगला आहे म्हणून. वाईट संदर्भ आपण लगेच ओळखतो. चांगला संदर्भ आपल्याला त्याच्या खुर्चीत बसवतो आणि आपण तिथे बसलोय हे कळतसुद्धा नाही.

आधी निबंधाविषयी. 'हार्पर्स' मासिकाने वॉलेसला मार्च 1995 मध्ये सात रात्रींच्या कॅरिबियन सफरीवर पाठवलं. जहाज होतं सेलिब्रिटी क्रूझेसचं 'झेनिथ'. झेनिथ म्हणजे आकाशातला सर्वांत उंच बिंदू, तर वॉलेसने निबंधात जहाजाचं नाव ठेवलं 'नादिर', म्हणजे बरोबर उलट टोक. जानेवारी 1996 च्या अंकात तो लेख आला आणि 1997 मध्ये वाढवलेल्या रूपात पुस्तकात. शंभराहून जास्त तळटिपा आहेत, आणि खरी गंमत बऱ्याचदा तिथेच आहे. जेवणाच्या हॉलमध्ये त्याला टेबल क्रमांक 64 मिळतं. पुढचं सगळं जहाज आपण जवळजवळ त्या टेबलावरूनच बघतो.

निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं. जहाजाच्या माहितीपत्रकात लाड पुरवण्याची भाषा पुन्हा पुन्हा येते. ही भाषा प्रवाशाला परत तान्हं बाळ व्हायचं आमंत्रण देते: काही ठरवायचं नाही, काही उचलायचं नाही. पण आपल्यातलं ते बाळ कधीच तृप्त होत नाही. लाड जितके वाढतात तितक्या त्याच्या तक्रारी वाढतात. वॉलेसला शेजारच्या जहाजावर आपल्यापेक्षा जास्त सुख असेल असं वाटायला लागतं. हा युक्तिवाद आजही टवटवीत आहे.

संशोधक म्हणून या निबंधातून शिकण्यासारख्या गोष्टी आहेत. एक बघा. खोली सोडून तो बाहेर पडला की परत येईपर्यंत ती झाडूनपुसून लख्ख झालेली असते. मग तो चक्क प्रयोग करतो. कधी थोडा वेळ बाहेर जातो, कधी जास्त वेळ, आणि नोंदी ठेवतो. निष्कर्ष असा: अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिलं तरच खोली साफ होते. आपण किती वेळासाठी जातोय हे खोली आवरणाऱ्या बाईला कसं कळतं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत उमगत नाही. साधं निरीक्षण, बदलता घटक एकच, नोंद चोख. पद्धतीच्या पेपरला उदाहरण म्हणून द्यावं असं.

दुसरं, हितसंबंधांची तपासणी. क्रूझच्या माहितीपत्रकात फ्रँक कॉनरॉय या नामवंत लेखकाचा सुंदर अनुभवपर निबंध छापलेला असतो. वॉलेस चौकशी करतो आणि त्याला कळतं की त्या लेखनासाठी कंपनीने पैसे दिले होते. जाहिरातीने साहित्याचा वेष घातला की वाचकाचं काय नुकसान होतं, यावरची ती पानं मी ज्युनिअर मुलांना मुद्दाम वाचायला देते. 'या लेखनाचे पैसे कोणी दिले?' हा प्रश्न लिटरेचर रिव्ह्यूमध्ये किती जण विचारतात?

आता माझी तक्रार.

लाडांचा अर्थ 'परत बाळ होणं' असा लावणारा वाचक कोण आहे? ज्याला घरी कोणाचे लाड करावे लागत नाहीत असा. आता हेच माहितीपत्रक दोन मुलांच्या आईच्या हातात द्या. "सात दिवस स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, उद्या डब्याला काय हा विचार नाही." यातून तिला बाळ व्हायचंय असा निष्कर्ष निघत नाही. तिला सुट्टी हवी आहे, एवढाच निघतो. आर्ली हॉकशील्डने 1989 मध्ये 'सेकंड शिफ्ट' म्हणून ज्याचं वर्णन केलं, म्हणजे नोकरी करून घरी आल्यावर सुरू होणारी बाईची दुसरी पाळी, ती सात दिवस दुसऱ्याच्या अंगावर जाते. क्रूझ कंपन्या विकतात ते मुख्यतः हे. वॉलेसला ते दिसत नाही कारण त्याच्या टेबलावर त्याच्यासोबत घरचं कोणी नाही.

मुलं निबंधात अगदीच नाहीत असं नाही. एक नऊ वर्षांची मुलगी आहे, ती वॉलेसला बुद्धिबळात हरवते. प्रसंग झकास आहे. पण मुलगी येते ती लेखकाची फजिती करायला, आणि काम झालं की जाते. ती दिवसभर काय करते, तिच्यावर लक्ष कोण ठेवतं, ती रडली तर कोण धावतं, हे प्रश्न विनोदाच्या चौकटीत बसत नाहीत.

आणि हे फक्त 1995 चं नाही. जानेवारी 2024 मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' हे रॉयल कॅरिबियनचं जहाज मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. झेनिथचं ग्रॉस टनेज 47 हजारांच्या आसपास होतं, आयकॉनचं अडीच लाखांच्या घरात आहे. (ग्रॉस टनेज म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप. ही चूक मीही केली होती.) 365 मीटर लांब, 20 डेक, जास्तीत जास्त सुमारे 7,600 प्रवासी आणि 2,350 कर्मचारी. हे जहाज उघडपणे कुटुंबांसाठी बांधलंय. लहान मुलांच्या घरांसाठी 'सर्फसाइड' नावाचा वेगळा मोहल्लाच आहे, आणि एक तीन मजली घरवजा सूट आहे ज्यात आतल्या आत घसरगुंडी आहे. या पहिल्या सफरीवर 'द अटलांटिक'ने कोणाला पाठवलं? गॅरी श्टाइनगार्ट या कादंबरीकाराला, एकट्याला. लेख हसवतो, स्वतःचीही टर उडवतो. पण एकटा बसलेला लेखक, आसपासची गर्दी आणि त्यांच्यातलं न ओलांडता येणारं अंतर, हा साचा तोच. एकोणतीस वर्षांत जहाज पाचपट मोठं झालं, पण खुर्ची टेबल 64 चीच राहिली.

मग त्या खुर्चीतून उठायचं कसं? मला एका व्यवस्थेचा तपशील उपयोगी पडला. डिस्नीचं पहिलं जहाज 'डिस्नी मॅजिक' 1998 मध्ये सुरू झालं. त्यावर कॅसिनो नाही, मुलांसाठी मात्र मोठी जागा राखलेली. जेवणाची पद्धत अशी की कुटुंब रोज रात्री वेगळ्या उपाहारगृहात जेवतं आणि वाढणारे तेच कर्मचारी त्यांच्यासोबत फिरतात. म्हणजे तिसऱ्या रात्री वाढणाऱ्याला माहीत असतं की धाकटीला टोमॅटो चालत नाही. पालकांना वाटतं, किती घरच्यासारखं! हे 'घरच्यासारखं' आखलेलं आहे. वॉलेस कर्मचाऱ्यांच्या व्यावसायिक हसण्यावर चिडतो, त्याला ते खोटं वाटतं. हॉकशील्डने 1983 मध्येच विमानसेविकांचा अभ्यास करून दाखवलं होतं की खरं की खोटं हा मुद्दाच नाही. भावना सांभाळणं हेच इथे काम आहे, त्याचं प्रशिक्षण असतं, त्यावर देखरेख असते, त्याचा पगार असतो. वॉलेस हसण्याचा परिणाम स्वतःच्या मनावर मोजतो. हॉकशील्ड हसणाऱ्याला किती कष्ट पडले ते विचारते. एकच हसू, पण संशोधनाचे प्रश्न दोन.

आणि इथे दुसरं कुटुंब येतं, जे जहाजावर नसतं. कर्मचाऱ्यांचे करार साधारण अनेक महिन्यांचे असतात. 2006 चा सागरी कामगार करार, जो 2013 पासून लागू झाला आणि ज्याला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली, तो चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांतीची हमी देतो. वजाबाकी करून बघा, आठवड्याचे 91 तास उरतात. (कामाचे तास मोजायचा दुसरा मार्गही करारात आहे, आठवड्याला कमाल 72.) दुसऱ्याच्या मुलाला टोमॅटो न वाढण्याची आठवण ठेवणारा माणूस स्वतःच्या मुलाच्या ताटापासून हजारो मैल लांब असतो. क्रिस्टीन चिनचं 2008 चं क्रूझ उद्योगावरचं पुस्तक मी इथे वाचायला सुचवेन. त्यात नफा, मौज आणि मजुरी एकाच पुस्तकात आहेत, आणि वॉलेसच्या निबंधात जे पडद्यामागे राहतं ते पुढे येतं.

इथवर आले तेव्हा मला वाटलं, सुटलो. वॉलेस प्रवाशांच्या बाजूचा, आपण कामगारांच्या बाजूच्या. दुसरा मसुदा शोषणावर लिहिला आणि मोठ्या अभिमानाने मामाला फोनवर वाचून दाखवला. मामा वेंगुर्ल्याचा. बारा वर्षं बोटीवर लाँड्रीत होता. माझ्या विषयाचं मूळ तोच. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याच बोटीर माझा घर उभा रवला, ता खंय लिवलंस गो?"

मला उत्तर सुचेना. कारण खरंच लिहिलं नव्हतं. घर, धाकट्या मावशीचं लग्न, गावात वाढलेला मान, आणि दर वेळी परत जाताना त्याचं तोंड एवढंसं व्हायचं तेही. मी वॉलेसच्या खुर्चीतून उठले आणि सरळ दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. पहिल्या मसुद्यात कामगार पार्श्वभूमीला होता. दुसऱ्यात तो नुसता पुरावा झाला होता. माणूस दोन्हीत नव्हता.

वॉलेसला न्याय द्यायचा तर हे सांगायलाच हवं: त्याला ही अडचण जाणवते. सामान उचलण्याचा प्रसंग आठवा. तो स्वतःची बॅग स्वतः उचलतो, शिष्टाचार म्हणून. आणि त्यापायी हमालालाच वरिष्ठांची बोलणी खावी लागतात, कारण प्रवाशाला बॅग उचलू द्यायची नाही हा नियम. आपल्या चांगुलपणाची किंमत दुसऱ्याने मोजली हे त्याला लागतं. खोली आवरणाऱ्या बाईशी तो बोलू बघतो, पण भाषा आड येते. व्यवस्थापन त्याच्याकडे पत्रकार म्हणून संशयाने बघतं. म्हणजे त्याच्याही वाटा बंद होत्या. फरक इतकाच की तो त्या बंद दाराचा विनोद करून पुढे जातो. आपण पीएचडीवाले तिथे थांबायला हवं. दार कोणी बंद केलं, कोणासाठी, ही तर आपली माहिती.

अजून एक सावधगिरी. 2011 मध्ये वॉलेसचा मित्र जोनाथन फ्रॅन्झन याने जाहीरपणे सुचवलं की त्याच्या वार्तांकनातलं सगळंच घडलेलं नव्हतं. म्हणून निबंध फेकून द्यायचा का? नाही. पण त्यातला संवाद 'प्रवासी असं बोलतात' याचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. तो निबंध मध्यमवर्गीय अमेरिकन लेखकाला क्रूझ कशी दिसली याचा पुरावा आहे, आणि त्या कामाला अव्वल आहे. संदर्भ खरा की खोटा एवढंच विचारू नका. तो *कशाचा* पुरावा आहे हे विचारा.

आता तिसरा मसुदा चालू आहे. त्याची सुरुवात ना टेबल 64 वरून होते, ना लाँड्रीतून. सुरुवात होते एका ताटापासून, ज्यात टोमॅटो नाही. ते ताट कोणी मागितलं, कोणी लक्षात ठेवलं, कोणी शिजवलं, कोणी धुतलं, आणि त्या प्रत्येकाच्या घरी त्या रात्री ताट कोणी वाढलं. एवढं नीट मांडता आलं तरी मला पुरे.

तुम्ही सिनॉप्सिस लिहीत असाल तर आज एक काम करा. तुमचा सगळ्यात आवडता, सगळ्यात चुरचुरीत संदर्भ काढा आणि समासात लिहा: हा माणूस कुठे बसलाय, त्याच्यासोबत कोण नाही, त्याचं ताट कोण उचलतं. मग तेच तीन प्रश्न स्वतःच्या मसुद्याला विचारा. आणि जमलं तर ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला तो वाचून दाखवा. थोडं लागतं. पण आरआरसीसमोर लागण्यापेक्षा मामासमोर लागलेलं बरं.