‘दो आँखें बारह हाथ’ : सुधारणेचे श्रेय कोणाला?

तुरुंगसुधारणेचा विषय निघाला की आपल्याकडे व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’चा (१९५७) दाखला हटकून दिला जातो. मीही तो अनेक वर्षे देत आलो. पण ज्या प्रयोगावर हा चित्रपट बेतला आहे, त्याची माहिती घेत गेलो तसे माझे मत बदलले.

मूळ प्रयोग औंध संस्थानातला. भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. पटकथाकार ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. या वसाहतीत कैद्याला कसायला जमीन मिळाली आणि बायकामुलांसह राहण्याची मुभाही. ज्या माणसाचे घर आणि पीक डोळ्यांसमोर आहे, त्याला पळून जाऊन मिळवायचे ते काय?

चित्रपटात हा साधा व्यवहार मागे पडतो. तिथे सहा खुनी कैद्यांना बांधून ठेवतात ते जेलर आदिनाथचे डोळे. तो मरतो, तरी त्याची नजर त्यांच्यावर राहतेच. मला इथे अडचण वाटते. ज्याला चांगले वागायला सतत कुणाची तरी नजर लागते, तो सुधारला म्हणायचे की नुसता धाकात राहिला?

चित्रपटाची खरी ताकद बाजाराच्या प्रसंगात आहे. कैदी आपली भाजी रास्त भावात विकू लागतात आणि व्यापाऱ्यांचा धंदा बसतो. मग त्यांना मारहाण होते. गुन्हेगार सरळ वागू लागला की त्याची अडचण कुणाला होते, हे शांताराम इथे नेमके दाखवतात. पण शेवटी व्यापारी बाजूला राहतो आणि आदिनाथची झुंज लागते ती उधळलेल्या बैलाशी. बैलाला जाब विचारता येत नाही. समाजाला विचारता आला असता.

औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. संस्थानिक गेले, फ्रीडमनही गेले, वसाहत मात्र टिकली. ती एकाच महात्म्याच्या नजरेवर उभी असती, तर त्याच्यामागे मोडली असती.

चित्रपट संपतो तेव्हा आपले डोळे पाणावतात आणि आपण मोकळे होतो. सुधारणा हे एखाद्या आदिनाथाचे काम, असे मानणे सोयीचे असते. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला भाड्याची खोली लागते, काम लागते, त्याच्या मुलाला शाळेत टोमणे न ऐकता बसायचे असते. यातले एकही काम जेलरच्या हातचे नाही. ते घरमालकाचे आहे, दुकानदाराचे आहे, तुमचे-माझे आहे.