रेषेची काटकसर : जीन डाइच ह्याची व्यंगचित्रकला आणि दूरचित्रवाणी

व्यंगचित्रकाराची रेषा मूलतः स्थिर असते. हालचालीचा भास ती निर्माण करते. पण तो भास पुरा करण्याचे काम वाचकाच्या कल्पनेवर सोपविलेले असते. उगारलेला हात खाली येण्यापूर्वीचा क्षण चित्रात असतो आणि त्यापुढचे सारे वाचक मनाशी घडवितो. हीच रेषा पडद्यावर प्रत्यक्ष हलू लागली म्हणजे वाचकाकडचे हे काम चित्रकाराकडे येते. ह्या स्थित्यंतरात त्याच्या मूळच्या कलेतील काय टिकते व काय गळून पडते, ह्या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्या अभ्यासकाला जीन डाइच (१९२४–२०२०) ह्या अमेरिकन कलावंताची कारकीर्द विशेष उपयुक्त ठरेल. नियतकालिकातील व्यंगचित्रे, जाहिरातपट, वृत्तपत्रीय चित्रमालिका, दूरचित्रवाणीवरील मुलांची मालिका, चित्रपटगृहांसाठी केलेले लघुपट आणि अखेर बालपुस्तकांची चित्रपटरूपे असा तिचा विस्तार आहे.

डाइचविषयी दोन परस्परविरोधी मते रूढ आहेत. एका मताप्रमाणे तो 'मन्रो' (१९६०) ह्या ऑस्करविजेत्या लघुपटाचा कल्पक दिग्दर्शक होय. दुसऱ्या मताप्रमाणे 'टॉम अँड जेरी'चे सर्वांत फसलेले तेरा लघुपट (१९६१–६२) काढणारा तो हाच. ही दोन्ही कामे एकाच शहरात, प्राग येथे, जवळजवळ एकाच काळात झाली. ह्या तफावतीचे नेहमी दिले जाणारे कारण म्हणजे अपुरा पैसा. हे कारण खोटे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. 'मन्रो' हाही अल्पखर्चातच झालेला लघुपट होता आणि त्याआधीची 'टॉम टेरिफिक' ही मालिका तर त्याहूनही काटकसरीने काढलेली होती. तेव्हा काटकसर एके ठिकाणी कलेला पोषक का ठरली व दुसऱ्या ठिकाणी मारक का ठरली, हा खरा विचारणीय प्रश्न आहे.

येथे तंत्राचा थोडा खुलासा आवश्यक आहे. चित्रपटाच्या पट्टीवर दर सेकंदास चोवीस चौकटी सरकतात. सात मिनिटांच्या लघुपटात अशा दहा हजारांवर चौकटी होतात आणि एकेक चित्र दोन दोन चौकटी राखले, तरीही पाच हजारांच्या घरात रेखाटने लागतात. ह्या पद्धतीत शरीराला वजन, मांसलता व लवचीकपणा येतो. डिस्ने व एमजीएम ह्या संस्थांनी हीच पद्धत पूर्णत्वास नेली. दुसऱ्या पद्धतीत, जिला मर्यादित ॲनिमेशन म्हणतात, आकृतीचा बराचसा भाग स्थिर ठेवून केवळ हात, तोंड वा डोळा हलविला जातो आणि एका ठळक मुद्रेवरून दुसऱ्या मुद्रेवर एकदम जाता येते. पहिली पद्धत निसर्गाच्या गतीकडे पाहते, तर दुसरी रेखाटनाच्या गतीकडे. व्यंगचित्रकाराला दुसरी जवळची वाटावी हे स्वाभाविक होय.

डाइचचा जन्म ८ ऑगस्ट १९२४ रोजी शिकागो येथे झाला. शिक्षण लॉस एंजेलिसमध्ये झाले. त्याच्या उमेदवारीच्या काळात जॅझ संगीताचे वेड महत्त्वाचे होते. १९४५ ते १९५१ ह्या काळात 'द रेकॉर्ड चेंजर' ह्या जॅझप्रेमींच्या मासिकात त्याची चित्रे येत असत. जुन्या तबकड्यांच्या मागे लागलेला 'द कॅट' हा छांदिष्ट संग्राहक हे त्यांतील मुख्य पात्र. ह्या चित्रांतील विनोद एका आविर्भावावर उभा असतो : तबकडीवर झुकलेली मान, ऐकताना जगाकडे फिरविलेली पाठ. पार्श्वभूमी जेमतेम सुचविलेली असते. कमीत कमी रेषांत स्वभाव पकडण्याची ही सवय त्याला पुढे आयुष्यभर पुरली. ध्वनीविषयीची त्याची आस्थाही येथूनच सुरू होते. पुढे १९५४ साली कॉनी कॉन्व्हर्स ह्या अप्रसिद्ध गायिकेची गीते त्याने आपल्या घरी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांतील काही तब्बल पंचावन्न वर्षांनी, २००९ साली, संग्रहरूपाने रसिकांपुढे आली.

१९४६ साली डाइच युनायटेड प्रॉडक्शन्स ऑफ अमेरिका, म्हणजेच यूपीए, ह्या संस्थेत उमेदवार म्हणून दाखल झाला. १९४१ च्या संपानंतर डिस्नेपासून दूर झालेल्या कलावंतांनी उभारलेली ही संस्था. सपाट रंग, भौमितिक आकार, आधुनिक चित्रकलेशी जवळीक आणि निसर्गानुकरणास नकार ही तिची वैशिष्ट्ये. 'जेरल्ड मॅकबोइंग-बोइंग' (१९५०) ह्या तिच्या लघुपटाने ऑस्कर मिळविले, तेव्हा मर्यादित ॲनिमेशनला कलामूल्य आहे हे सर्वमान्य झाले. पुढे डाइच यूपीएच्या न्यूयॉर्क शाखेचा कलाविषयक सूत्रधार झाला. तेथील काम मुख्यतः दूरचित्रवाणीच्या जाहिरातींचे. एका मिनिटाच्या आत पात्र उभे करावयाचे, प्रेक्षकाला हसवावयाचे व वस्तूचे नाव त्याच्या लक्षात ठेवावयाचे, ही अट व्यंगचित्राच्या अटीपेक्षा फारशी वेगळी नव्हती. दूरचित्रवाणीची पहिली शाळा त्याला अशी जाहिरातींतच लाभली.

१९५५–५६ मध्ये त्याने 'टेरिबल थॉम्पसन' ही वृत्तपत्रीय चित्रमालिका चालविली. इतिहासातील थोर पुरुष संकटात सापडले म्हणजे एका लहान मुलाला मदतीस बोलावितात, ही तिची कल्पना. मालिका काही महिनेच चालली, कारण १९५६ साली सीबीएस ह्या प्रसारण संस्थेने विकत घेतलेल्या टेरीटून्स ह्या जुन्या चित्रसंस्थेची कलाविषयक धुरा डाइचकडे आली. परंतु बंद पडलेल्या मालिकेचे बीज वाया गेले नाही. त्यातूनच 'टॉम टेरिफिक' जन्मास आला.

'टॉम टेरिफिक' १९५७ पासून सीबीएसच्या 'कॅप्टन कँगरू' ह्या मुलांच्या सकाळच्या कार्यक्रमात दाखविण्यात येऊ लागला. सव्वीस कथा, प्रत्येकीचे पाच भाग, आठवड्याच्या पाच दिवसांत एक कथा पूर्ण, अशी तिची योजना होती. नायकाच्या डोक्यावर नरसाळ्याची टोपी. त्याला हवे ते रूप घेता येते. सोबतीला मँफ्रेड नावाचा 'महापराक्रमी' कुत्रा. प्रत्यक्षात तो आळशांचा राजा. सर्व पात्रांना आवाज लायनेल विल्सन ह्या एकाच नटाचा. चित्रण केवळ काळ्या बाह्यरेषेचे.

ही सारी काटकसर सक्तीची होती, ह्यात शंका नाही. पण डाइचने सक्तीलाच कथावस्तू केले, हे त्याचे खरे कर्तृत्व. जो नायक क्षणात आगगाडी होतो आणि क्षणात पक्षी, त्याला मांसल शरीर परवडत नाही. तो रेषेचाच असावा लागतो. रूप पालटणे ही येथे कथेतील जादू आहे आणि रेखाटणाऱ्या हाताचीही जादू आहे. लहान मूल पाटीवर रेघ ओढते आणि तीच रेघ पुढे सरकून घोडा होते, त्या आनंदाशी ह्या मालिकेचे नाते आहे. शिवाय त्या काळचा दूरचित्रवाणीचा पडदा लहान, करडा व अस्पष्ट होता. त्यावर छायाप्रकाशाचे बारकावे हरवून जात. ठसठशीत काळी रेषा तेवढी टिके. म्हणजे माध्यम, खर्च आणि आशय ह्या तिन्हींची मागणी येथे एकच होती. घाट आशयातूनच उगवला आहे, असे ह्या मालिकेविषयी निःसंकोचपणे म्हणता येते.

टेरीटून्समधील अधिकार डाइचकडे फार काळ राहिला नाही. १९५८ साली त्याला जावे लागले. १९५९ च्या ऑक्टोबरात विल्यम स्नायडर ह्या निर्मात्याच्या आग्रहावरून तो प्रागला गेला. आपल्याला हवा तो लघुपट काढता येईल, हे त्यातील आमिष होते. मुक्काम दहा दिवसांचा ठरला होता. चित्रसंस्थेतील निर्मितिव्यवस्थापिका झ्देन्का नायमानोव्हा हिच्याशी त्याचा परिचय झाला. १९६४ साली त्यांचा विवाह झाला आणि डाइच मृत्यूपर्यंत प्रागमध्येच राहिला. चेकोस्लोव्हाकियातील चित्रसंस्था तेव्हा सरकारी मालकीच्या होत्या. तेथील कलावंत कसलेले होते आणि अमेरिकन डॉलरच्या हिशेबाने त्यांचे श्रम स्वस्त पडत. शीतयुद्धाच्या ऐन भरात अमेरिकन मुलांची करमणूक पोलादी पडद्याआड तयार होत होती, ती ह्या व्यावहारिक गणितामुळे.

'मन्रो' हा त्या आमिषातील लघुपट. कथा जूल्स फायफर ह्या व्यंगचित्रकाराची. तोही टेरीटून्समध्ये डाइचचा सहकारी होता. मन्रो ह्या चार वर्षांच्या मुलाला चुकून सैन्यात भरती केले जाते. आपण लहान आहोत हे तो सांगत राहतो. पण अधिकाऱ्यांच्या लेखी सैन्यात चार वर्षांचे मूल असूच शकत नाही, म्हणून समोरचे मूल हे मूल नव्हे. येथे चित्रातील स्थिरता हाच अर्थ आहे. न हलणारे मोठे चेहरे, मोकळ्या जागेत उभी असलेली एक इवली आकृती आणि तिच्यावरून निघून जाणारे शब्द, ह्यांत दप्तरशाहीची अचलता साक्षात होते. ह्याच पात्रांना डिस्नेच्या धर्तीची लवचीक गती दिली असती, तर अधिकारी विनोदी माणसे झाले असते आणि उपहासाची धार गेली असती. डाइचचा मुलगा सेथ ह्याचा खराखुरा बालस्वर मन्रोला लाभला आहे. त्या एका सजीव गोष्टीमुळे भोवतालची निर्जीवता अधिकच जाणवते.

आता 'टॉम अँड जेरी'कडे वळले पाहिजे. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा ह्यांनी १९४० पासून एमजीएममध्ये ही जोडी घडविली. १९५७ साली एमजीएमने आपला व्यंगपट विभाग बंद केला आणि काही वर्षांनी नव्या लघुपटांचे काम स्नायडरमार्फत डाइचकडे आले. खर्चाची मर्यादा प्रत्येकी सुमारे दहा हजार डॉलर, म्हणजे मूळ लघुपटांच्या मानाने फारच थोडी. डाइचला मूळ लघुपटांतील मारामारी मुळातच नापसंत होती.

ह्या पाठलागाच्या विनोदाचे मर्म शरीरात आहे. मूळ टॉम चपटा होतो, दुमडतो, तडकतो आणि पुढच्याच क्षणी पूर्ववत होतो. त्याच्या शरीराची ही लवचिकताच वेदनेला शोषून घेते, म्हणून प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो. डाइचच्या लघुपटांत मार तेवढाच राहिला. तो झेलणारे शरीर मात्र उरले नाही. सपाट, अडखळत हलणाऱ्या आकृतीवर आघात झाला, की तो आघात खराच वाटतो. 'हाय स्टेक्स' व 'डाऊन अँड आउटिंग' ह्या लघुपटांत संतापी मालक टॉमला बदडतो, ती दृश्ये पाहताना हसू येण्याऐवजी अस्वस्थ वाटते, ते ह्यामुळे. मारामारीचा तिटकारा असलेल्या दिग्दर्शकाच्या हातून ती अधिक क्रूर झाली, ही ह्या प्रकरणातील शोकान्त विसंगती होय. टॉड डॉकस्टेडर ह्याने केलेले घुमणारे इलेक्ट्रॉनिक ध्वनी स्वतंत्रपणे लक्षणीय आहेत, पण ते ह्या परक्या वातावरणात भरच घालतात. अपवाद 'द टॉम अँड जेरी कार्टून किट' (१९६२) ह्याचा. मांजर, उंदीर व शस्त्रे ह्यांचा जोडसंच म्हणून संपूर्ण साचाच प्रेक्षकांपुढे मांडून डाइच येथे त्याची टर उडवितो. हा लघुपट जमला आहे, कारण येथे व्यंगचित्रकार पुन्हा व्यंगचित्र काढीत आहे.

एका तुलनेने हे अधिक स्पष्ट होईल. एमजीएममधून बाहेर पडलेले हॅना व बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले आणि त्यांनीही मर्यादित ॲनिमेशनच स्वीकारले. 'द फ्लिंटस्टोन्स' (१९६०) मध्ये त्यांनी विनोदाचा भार गतीवरून संवादावर आणला. नवी काटकसर पेलतील अशी नवी पात्रे घडविली. विपुलतेचे कारागीर काटकसरीकडे गेले ते घाट बदलून गेले. काटकसरीचा कलावंत विपुलतेच्या घाटात शिरला तो घाट न बदलता. पहिल्यांना यश आले व दुसऱ्याला आले नाही, ह्याचा उलगडा केवळ पैशाच्या हिशेबाने होत नाही.

अर्थात ह्यावरून डाइच निर्दोष ठरत नाही. ज्या प्रकाराच्या जीवतत्त्वावर आपला विश्वास नाही ते काम त्याने पत्करले, ही कलादृष्ट्या चूकच होती. तद्वतच १९६० नंतर दूरचित्रवाणीवर मर्यादित ॲनिमेशनचा जो सुकाळ झाला, त्यातील बरेचसे काम निव्वळ स्वस्ताईचे होते, हेही विसरता येणार नाही. थोड्या रेषा असणे हा गुण नव्हे. अधिक रेषांची गरज न भासणे हा गुण होय.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून डाइचने वेस्टन वुड्स ह्या संस्थेसाठी चित्रमय बालपुस्तकांचे लघुपट केले. 'ड्रमर हॉफ' (१९६९) पासून सुरू झालेले हे काम त्याने अनेक वर्षे निष्ठेने चालविले; मॉरिस सेंडॅकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' ह्या पुस्तकाचाही त्यात समावेश आहे. पॅट हचिन्सच्या 'रोझीज वॉक' ह्या पुस्तकात कोंबडीमागे लागलेल्या कोल्ह्याचा शब्दांत उल्लेखच नाही. तो फक्त चित्रांत दिसतो. १९७० च्या लघुपटात डाइचने हे मौन जपले. कोल्ह्याची प्रत्येक फजिती पडद्यावर घडते. निवेदन मात्र त्याचे नावही घेत नाही. येथे त्याने आपली शैली दुसऱ्याच्या रेषेवर लादली नाही. प्रत्येक पुस्तकाला किती गती सोसते हे पाहून तेवढीच दिली. 'टॉम अँड जेरी'त जो विवेक सुटला होता, तो येथे पूर्णपणे परत आलेला दिसतो. मात्र त्याची किंमतही नोंदविली पाहिजे : 'द कॅट' आणि 'टॉम टेरिफिक' घडविणारा स्वतंत्र विनोदकार ह्या सेवाभावात मागे पडत गेला.

२००३ चा विन्सर मॅके पुरस्कार त्याला एकूण कार्यासाठी मिळाला. १६ एप्रिल २०२० रोजी प्राग येथे त्याचे निधन झाले. त्याच्या कार्याचे मूल्यमापन तेरा लघुपटांच्या अपयशावरून करणे अन्यायाचे होईल आणि ऑस्करवरून करणे अपुरे. व्यंगचित्रकाराने वाचकाच्या कल्पनेवर सोपविलेले काम डाइचने आपल्या उत्तम कृतींत पडद्यावरही प्रेक्षकाकडेच राहू दिले. 'टॉम टेरिफिक'मध्ये रिकाम्या बाह्यरेषेत मूल स्वतः रंग भरते, 'मन्रो'तील अधिकाऱ्यांच्या निश्चल चेहऱ्यांत प्रेक्षक आपल्या ओळखीची कचेरी पाहतो आणि 'रोझीज वॉक'मध्ये न उच्चारलेला कोल्हा प्रेक्षकच सांगतो. जेथे हे काम प्रेक्षकाला करता आले नाही, तेथे तो फसला. दूरचित्रवाणीसाठी चित्र काढणाऱ्या पुढील कलावंतांच्या अभ्यासातही ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.